गुडघे न टेकता



उपवासकाळातल्या दर शुक्रवारी आमच्या चर्चमध्ये क्रूसाची वाट होते. चौदा स्थानं, चौदा वेळा गुडघे टेकायचे आणि उठायचं. मी पुढे उभी राहून प्रार्थना वाचते, पण एकदाही गुडघे टेकत नाही. जुन्या मंडळींना त्याचं कारण ठाऊक आहे. यंदा शेजारच्या गावातून लग्न होऊन आलेली एक सून पहिल्यांदाच आली होती. बाहेर चप्पल घालताना तिने शेजारणीला हळूच विचारलं, "टीचरच गुडघे टेकत न्हाईत, मग लेकरांना काय शिकवत असतील?" मला ऐकू आलं. एका कानाने मला जरा कमी ऐकू येतं, पण नेमकी अशी वाक्यं बरोबर ऐकू येतात.

मला राग आला नाही. खरं सांगायचं तर आला, पण घरी पोहोचेपर्यंत गेला. त्या रात्री ठरवलं की एकदा हे सगळं लिहून टाकावं. माझ्या लेकीच्या निमित्ताने गेले दोन महिने आमच्या घरात हाच विषय चालू आहे, तेव्हा लिहायची वेळही आलीच होती.

माझे आप्पा साडेचार फुटांपेक्षा थोडेच उंच होते. दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले, चालताना बदकासारखे डोलायचे. भालकी तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांना लोक त्यांच्या नावाने कमी आणि पायांच्या नावानेच जास्त हाक मारायचे. ती हाक मी इथे लिहीत नाही. पस्तिशीतच त्यांचे बहुतेक दात गेले होते. दात किडलेले नसायचे, वरून चांगले दिसायचे, आणि मुळाशी पू होऊन गाल सुजायचा. चर्चची घंटा तेच वाजवायचे, सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा. आंजेलूसच्या त्या घंटेवर आमच्या गावातली ख्रिस्ती नसलेली माणसंही भाकरी टाकायची.

लोक म्हणायचे, पाण्यामुळे झालं. हे अगदीच वेडगळ नव्हतं. आमच्या कलबुर्गी-रायचूर पट्ट्यात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त असतं, आणि त्याने हाडं आखडतात, वाकतात. तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात फ्लोराईडने हाडं खराब झालेल्या माणसांची माहिती १९३७ साली छापून आली. गंमत अशी, की त्याच १९३७ साली अमेरिकेत ऑलब्राइट नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मुलाची हकीगत लिहिली. त्याला मुडदूस होता आणि नेहमीच्या प्रमाणात 'ड' जीवनसत्त्व देऊन तो हटत नव्हता. एकाच वर्षी वाकलेल्या पायांची दोन वेगळी कारणं कागदावर आली, आणि आमच्या गावात मात्र पुढची पन्नास वर्षं एकच कारण चाललं. पण मग त्याच विहिरीचं पाणी पिणारी माझी माय सरळ कशी? माझा भाऊ सरळ कसा? हा प्रश्न कुणी विचारला नाही.

आम्ही तीन बहिणी आणि एक भाऊ. तिघी बहिणींचे पाय वाकडे आणि भाऊ ताठ. नातेवाइकांनी याचाही अर्थ लावलाच, की आप्पांच्या हातून काहीतरी घडलं असणार आणि ते मुलींच्या पायांत उतरलं.

मी चालायला लागले तेव्हाच पाय वाकू लागले. 'ड' जीवनसत्त्वाचं सहा लाख युनिटचं इंजेक्शन दोनदा दिलं. मायने रोज सकाळी अंगाला तेल लावून उन्हात बसवलं. काही फरक नाही. मी सहा वर्षांची असताना गावात येणाऱ्या एका नर्स सिस्टरने आप्पांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आम्हा दोघांना दूरच्या एका मिशन दवाखान्यात पाठवलं. तिथे पहिल्यांदा कुणीतरी रक्तातलं फॉस्फेट तपासलं.

हाड हे कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या खनिजाने कडक होतं. आपल्याकडे सगळे कॅल्शियमचीच चर्चा करतात, फॉस्फेटकडे कुणाचं लक्ष नसतं. आमच्या शरीरात एफजीएफ-२३ नावाचं एक संप्रेरक गरजेपेक्षा जास्त तयार होतं. ते मूत्रपिंडाला सांगत राहतं, की फॉस्फेट टाकून दे, टाकून दे. शिवाय 'ड' जीवनसत्त्वाला कामाच्या रूपात येऊ देत नाही. म्हणून उन्हात कितीही बसलं, दूध कितीही प्यालं, तरी गळक्या घागरीत पाणी भरल्यासारखं. दोष फेक्स नावाच्या जनुकात आहे, तो १९९५ साली सापडला, आणि ते जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. बाप आपलं एकुलतं एक एक्स गुणसूत्र प्रत्येक मुलीला देतो आणि मुलाला वाय देतो. तेव्हा आप्पांच्या तिन्ही मुलींना आजार येणारच होता आणि भावाला येणारच नव्हता. आई आजारी असेल तर मुलगा असो की मुलगी, प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. साधारण वीस हजारांत एकाला हा आजार असतो. काही घरांत तो पहिल्यांदाच, कुठलाही वारसा नसताना उगवतो. आप्पांच्या आईवडिलांचे पाय सरळ होते असं सगळे सांगतात, तेव्हा आमच्या घरात तो बहुधा आप्पांपासूनच सुरू झाला.

मी कलाशाखेची. बी.ए.ला इतिहास आणि मराठी होतं. हे जनुकाचं प्रकरण मला चाळिशीनंतर समजलं, हैदराबादच्या एका डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल आणि चौकोन काढून आमच्या घराची वंशावळ मांडली तेव्हा. गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष, आजारी असेल तो काळा रंगवायचा. आप्पांचा चौकोन काळा, त्याखाली तीन काळे गोल आणि एक पांढरा चौकोन. मी त्या कागदाकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. आमचे आप्पा पापाचा हिशेब मनात ठेवूनच गेले. दर शनिवारी पापनिवेदनाला जायचे आणि घरी येऊन आमच्या पायांकडे बघायचे. हा कागद त्यांना दाखवता आला असता तर, एवढंच त्या वेळी मनात येत होतं.

उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी, 'अ' वर्षात, योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय वाचतात. जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य प्रभूला विचारतात, की पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं. प्रभू दोन्ही नाकारतो. मी हा पाठ धर्मशिक्षणाच्या वर्गात वीसेक वर्षं शिकवते आहे. एकदा तिसरीतल्या एका पोराने विचारलं, "टीचर, मंग तुमचे पाय असे कामून?" वर्ग एकदम गप्प झाला. मी त्याला फळ्यावर ते गोल आणि चौकोन काढून दाखवले. पोरांना फार आवडलं. पुढच्या रविवारी दोघांनी आपापल्या घरातल्या टक्कल पडलेल्यांची वंशावळ काढून आणली होती.

आता उपचारांचं सांगते, कारण माझी मोठी चूक तिथेच झाली.

मिशन दवाखान्यातून मला फॉस्फेटचं औषध सुरू झालं. दिवसातून चार-पाच वेळा ते खारट-आंबट पाणी प्यायचं, सोबत कॅल्सिट्रिऑलची छोटी गोळी. म्हणजे कामाच्या रूपात तयार करूनच दिलेलं 'ड' जीवनसत्त्व. फॉस्फेट पोटात गेलं की रक्तातलं प्रमाण वर जातं आणि काही तासांत पुन्हा खाली येतं, म्हणून थोडं थोडं, पुन्हा पुन्हा घ्यायचं. पोट बिघडायचं. शाळेत बाटली घेऊन जायची लाज वाटायची. तरी पाय काही प्रमाणात सुधारले. आप्पांपेक्षा मी सात-आठ इंच उंच झाले ते त्या बाटलीमुळेच.

अठराव्या वर्षी सांगण्यात आलं, की आता वाढ थांबली, हाडं पक्की झाली, औषध बंद केलं तरी चालेल. मला तर सुटका हवीच होती. लग्न ठरलं तेव्हा मायने पलीकडच्या मंडळींना सांगितलं, "लहानपणी मुडदूस होता, आता बरी हाय." हे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. आमच्या ह्यांना पूर्ण गोष्ट लेक पोटात असताना कळली. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "मला सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. पण मला म्हणायला मिळायला पाहिजे होतं." चोवीस वर्षं झाली, ते वाक्य अजून माझ्याजवळ आहे.

औषधाविना तेवीस वर्षं काढली. दुखत होतंच. आधी टाचा, मग कंबर, मग मांड्या. बायकांना दुखतंच, असं माझं मीच समजावून घेतलं. एकेचाळिसाव्या वर्षी डाव्या मांडीत इतकं दुखू लागलं की पायऱ्या चढता येईनात. एका डॉक्टरांनी संधिवात सांगितला, दुसऱ्यांनी वजन कमी करायला सांगितलं, तिसऱ्यांनी हाडं ठिसूळ झालीत म्हणून आठवड्याला एक घ्यायची गोळी लिहून दिली. मीही त्यांना लहानपणचं काही सांगितलं नाही. लपवायची सवय लागली की डॉक्टरांपासूनही लपवलं जातं. ठिसूळ हाड आणि मऊ हाड यांत फरक आहे. ठिसूळपणात हाडच कमी होतं. आमच्यात हाडाचा सांगाडा असतो, पण त्यात खनिज भरलेलं नसतं, सिमेंट न ओतलेल्या सळ्यांसारखा. ती ठिसूळपणाची गोळी आमच्या कामाची नव्हतीच.

हैदराबादला गेल्यावर फॉस्फेट १.७ निघालं. मोठ्या माणसात ते साधारण २.५ ते ४.५ असतं. मांडीच्या हाडात एक अर्धवट चीर दिसली, न पडता, न आपटता आलेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "औषध का सोडलंत?" मी म्हटलं, बंद केलं तरी चालेल असं सांगितलं होतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या की मोठेपणी सगळ्यांनाच औषध लागतं असं नाही. ज्याला काही त्रास नाही त्याला ते मागे लावू नये, असंच युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१९ साली मिळून लिहिलं आहे. पण दुखणं असेल, अशी चीर असेल, तर द्यायलाच हवं, आणि लक्ष तर जन्मभर ठेवायला हवं. सोडून दिलं ते लक्ष.

तेव्हापासून मी पुन्हा औषधावर आहे. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि निजताना. पहिल्या तीन वेळा आप्पांच्या घंटेच्याच आहेत. डॉक्टरांनी मुद्दाम ठरवल्या नव्हत्या, मीच लावून घेतल्या. आता घंटा कुणी वाजवत नाही, स्पीकरवर लागते. पण ती झाली की मी पुडी पाण्यात ढवळते. दुधासोबत घ्यायची नाही, कॅल्शियम आणि फॉस्फेट पोटातच एकमेकांना धरून बसतात. नुसतं फॉस्फेटही घ्यायचं नाही. त्याने गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी चवताळतात, म्हणून कॅल्सिट्रिऑल जोडीला हवंच. आणि कॅल्सिट्रिऑल जास्त झालं तर लघवीतून कॅल्शियम जाऊ लागतं, मूत्रपिंडात साठतं. दुसऱ्या वर्षी माझ्या लघवीतलं कॅल्शियम वाढलं होतं, गोळी कमी करावी लागली. तेव्हा रक्त, लघवी, मूत्रपिंडाची सोनोग्राफी, हे चालूच. वर्षातून तीन-चारदा हैदराबादची बस. औषधांवर आमच्या किराण्याच्या निम्मे पैसे जातात.

साधारण सव्वा वर्षात मांडीची चीर भरली. पायऱ्या चढते. पण गुडघे टेकता येत नाहीत, आणि ते आता येणारही नाहीत. या आजाराचा एक विचित्र खेळ आहे. हाडं मऊ राहतात आणि हाडांना धरणारे स्नायुबंध मात्र दगडासारखे होत जातात. पाठीच्या कण्यात, टाचेत, गुडघ्यात नको तिथे हाड साठतं. माझ्या पुड्यांनी ते थांबत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. कानाचंही या आजारातच येतं.

एक नवं इंजेक्शन आहे, बुरोसुमॅब. ते त्या एफजीएफ-२३ लाच धरून निकामी करतं. मोठ्या माणसांना चार आठवड्यांतून एकदा द्यायचं, मग पुड्या नाहीत, गोळ्या नाहीत. अमेरिकेत २०१८ साली त्याला मंजुरी मिळाली. १३४ मोठ्या माणसांवर केलेल्या चाचणीत चोवीस आठवड्यांत या इंजेक्शनवरच्या ९४ टक्के लोकांचं फॉस्फेट नीट पातळीवर आलं, आणि हाडांतल्या चिरा-भेगांपैकी ४३ टक्के पूर्ण भरल्या. नुसतं पाणी टोचलेल्यांच्या जेमतेम ८ टक्के भरल्या. हे वाचून मी रात्रभर झोपले नाही. मग किंमत कळली आणि नीट झोपले. सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात तीन गट आहेत, आणि औषध आहे पण ते फार महाग आणि जन्मभर लागणारं आहे अशा आजारांचा तिसरा गट वेगळा मानलाय. नेमलेल्या केंद्रांमधून रुग्णामागे ५० लाखांपर्यंत मदत देण्याची सोय आहे. आमच्याजवळचं केंद्र हैदराबादलाच आहे. पण जन्मभराच्या औषधाला एकरकमी आकडा कसा पुरायचा, हे मला बी.ए.च्या गणितात बसत नाही. माझ्यासाठी आता आशा धरत नाही. लेकीसाठी धरते.

लेक बावीस वर्षांची आहे, कलबुर्गीला शिकते. माझ्याकडून तिला निम्म्या शक्यतेतला वाईट भाग मिळाला, तिच्या धाकट्या भावाला चांगला. पण आम्हाला ठाऊक होतं, म्हणून ती दोन वर्षांची असतानाच तपासलं आणि लगेच औषध सुरू केलं. तिचे पाय जवळजवळ सरळ आहेत. साडी नेसली काय आणि पंजाबी घातला काय, कुणाला काही कळत नाही. आणि तिथेच गाडी अडली. माझं तर दिसत होतं. तिचं दिसत नाही.

उदगीरकडचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला आहे, घर प्रार्थना करणारं आहे. माझी नणंद म्हणाली, "वैनी, कशाला सांगायलाव? पोरगी सरळ चालायली, देवानं झाकलंय तर तुमी उघडायलाव." ती प्रेमानेच बोलत होती. आणि मी, जी चोवीस वर्षं आमच्या ह्यांचं वाक्य जपून आहे, ती मी पण गप्प बसले. तीन दिवस. मनात म्हणत होते, की लग्नानंतर सांगता येईल, लेकराच्या वेळी सांगता येईल. म्हणजे मायचंच वाक्य मी नव्या साडीत गुंडाळत होते.

लूकच्या शुभवर्तमानात अठरा वर्षं वाकलेली एक बाई आहे. शब्बाथाच्या दिवशी ती सभास्थानात असते. प्रभू तिला स्वतःहून बोलावतो, सगळ्यांसमोर. मला नेहमी वाटायचं, की तिला मागेच राहायचं असेल. इतक्या वर्षांनी तिला तिची जागा पाठ झाली असेल, खांबाच्या आड, कुणाच्या नजरेत न येणारी. त्याने तिला मधोमध आणलं, मग हात ठेवला. बरं करायचंच होतं तर खांबाआडही करता आलं असतं. हा भाग मी वर्गात कधी नीट शिकवला नाही, बरं होण्यावरच धडा संपवत आले.

चौथ्या दिवशी मी लेकीला फोन केला आणि आत्याचं आणि माझं, दोन्ही सांगितलं. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मम्मी, ते आले की मीच सांगते. तू फक्त चहा कर."

मागच्या रविवारी मिस्सा झाल्यावर ते आले. मुलगा, त्याची आई, काका. चहा झाला. लेकीने वहीचं पान फाडलं आणि त्यांच्यासमोर गोल आणि चौकोन काढायला बसली. आप्पांचा चौकोन काळा, माझा गोल काळा, तिचा गोल काळा. मग खाली अजून नसलेली लेकरं काढली, दोन गोल, दोन चौकोन, आणि त्यातला एक-एक अर्धवट रंगवला. तिचा हात थरथरत होता, रेघा वाकड्या आल्या. मुलाच्या आईने विचारलं, "औषध किती वर्षं?" ती म्हणाली, "वाढ होईपर्यंत नक्की. पुढे कधी लागेल, कधी नाही, पण तपासणी कायम." काका खिडकीबाहेर बघत होते. मुलाने तो कागद उचलला आणि विचारलं, "हा मी ठेवू?"

त्यांनी विचार करायला वेळ मागितला. गेल्यावर नणंद माझ्याशी बोलली नाही, अजूनही नीट बोलत नाही. आमचे हे मात्र बाहेर पायरीवर बसून होते. आत आले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बैलाला पाणी दाखवायला गेले.

आज शुक्रवार. त्यांचा फोन अजून आलेला नाही. लेकीने सकाळी विचारलं, औषध घेतलंस का, मी विचारलं, तू घेतलंस का. संध्याकाळी क्रूसाची वाट आहे. ती नवी सून आली तर तिला माझ्या शेजारी उभी करून प्रार्थनेचं अर्धं पुस्तक तिच्याकडून वाचून घ्यायचं मी ठरवलंय. ती मराठी स्वच्छ वाचते, आणि माझा आवाज सहाव्या स्थानापर्यंत बसतो. आता स्पीकरवर घंटा लागली, बारा झाले. पुडी ढवळायला उठते.